फायरवॉल आणि भरिताची वाटी

आमच्या जळगावात मे महिन्यात पश्चिमेकडची भिंत रात्री अकरालाही हात लावू देत नाही, त्यामुळे ‘फायरवॉल’ हा शब्द भाच्याच्या तोंडून ऐकला तेव्हा त्यात मला काही नवल वाटले नाही. हा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे आणि दर डिसेंबरात भरीत खाण्यासाठी, म्हणजे आम्हाला भेटण्यासाठी, येतो. या वेळी आल्या आल्या त्याच्या मोबाइलवरचा व्हिडिओ जागच्या जागी गोल फिरू लागला आणि आमच्या अब्रूचा प्रश्न उभा राहिला.

त्याने 192.168.1.1 हा राउटरचा, म्हणजे घरभर वायफाय पुरवणाऱ्या डबीचा, पत्ता उघडला, नावाच्या आणि पासवर्डच्या दोन्ही रकान्यांत ‘अ‍ॅडमिन’ असे लिहिले आणि राउटर उघडला. कुंडीखाली किल्ली ठेवून गावाला गेलेल्या माणसाकडे पाहावे तसे त्याने माझ्याकडे पाहिले. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि खुद्द राउटरचा वेगळा, हे मला त्या दिवशी कळले. राउटरला जोडलेल्या उपकरणांची यादी निघाली, तीत सतरा नावे होती. आमची त्यांत पाच. एकाचे नाव ‘अप्पांचा टॅब’ असे होते आणि आमच्या घरात अप्पा नाहीत.

“मामा, 2016 साली मिराय नावाच्या व्हायरसने असेच कारखान्यातून आलेले साठेक नाव-पासवर्ड वापरून जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते,” असे सांगून त्याने डब्ल्यूपीएस, म्हणजे वायफायचा पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने उपकरण जोडण्याची सोयही, बंद केली. तिचा पिन आठ आकडी असला तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरूनच ठरतो, म्हणून दहा कोटींऐवजी फार तर अकरा हजार प्रयत्नांत तो सापडतो. आमच्या गल्लीत एवढा धीर कोणाला नाही, असे मी म्हणालो. त्यावर, धीर संगणकाला असतो, असे उत्तर मिळाले.

फायरवॉलचे तत्त्व मात्र मला मनापासून पटले. बाहेरून कोणी आपणहून दार ठोठावले तर ती उघडत नाही. आतून कोणी हाक मारली असेल, तरच त्या हाकेचे उत्तर तेवढे आत येऊ देते. आमच्या घरातून हाक कोण मारते, हा विचार तेव्हा करायला हवा होता.

वीस अक्षरांचा नवा पासवर्ड ठेवून भाचा रात्रीच्या गाडीने निघून गेला आणि घरातली प्रत्येक वस्तू मला अनोळखी झाली. टीव्हीवर तो पासवर्ड रिमोटच्या बाणाने एकेक अक्षर गाठत भरावा लागला. त्यात एक असे चिन्ह होते, जे टीव्हीच्या अक्षरपाटीच्या तिसऱ्या पानावर राहते, आणि तेथून परतताना माझे बोट दर वेळी ‘रद्द’वर पडत होते. पाऊण तास गेला. सौ. शेजारी बसून मटार सोलत होत्या, त्यांनी एवढेच विचारले, “अहो, चोर तरी एवढा वेळ थांबेल का?”

तिसऱ्या दिवशी यादी पाहिली, तर चौदा नावे होती आणि सर्वांत वर अप्पांचा टॅब होता. चौकशीत निष्पन्न झाले ते असे, की शेजारच्या जिजींनी कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत वाटीभर पाठवले होते, वाटी रिकामी परत करायची आपल्याकडे पद्धत नाही, घरात त्या वेळी गोडाधोडाचे काही नव्हते आणि जिजींच्या नातवाला परीक्षेचा अर्ज भरायचा होता. म्हणून धुऊन पुसलेल्या वाटीत वीस अक्षरांची चिठ्ठी गेली. तिसऱ्या पानावरच्या चिन्हासकट, एकही चूक न करता.

भाच्याने फोनवर कपाळाला हात लावला, आणि पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क काढायला लावले. त्यावरून इंटरनेट मिळते, पण आमचा संगणक आणि दारावरचा कॅमेरा कोणाला दिसत नाही. मी त्याला ‘पाहुणे’ असे सरळ नाव दिले. संध्याकाळी जिजी फाटकाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात या वेळी वाटी नव्हती.

“भाऊ, आम्हले पाव्हना करी टाकं का?”

सध्या आमच्याकडे पाहुण्यांच्या नेटवर्कचे नाव ‘घरचे’ असे आहे आणि अप्पांच्या टॅबसकट नऊ जण ते वापरतात.