घरगुती मलम आणि प्रिझर्व्हेटिव्ह : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कॅलेंड्युलाच्या (झेंडूसारख्या एका फुलाच्या) मलमावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. ती बरीच मोठी आहे, म्हणून इतर वाचकांसाठी आधी तिचा मथितार्थ देते. तुमच्या मते, प्रिझर्व्हेटिव्ह न घालता मलम वर्षभर टिकतं असं लिहिणं हा ‘लोकांच्या त्वचेशी खेळ’ आहे. व्हिटॅमिन ई म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह नव्हे. तेलात घातलेल्या लसणातून बोट्युलिझम (जंतूंच्या विषाने होणारा जीवघेणा आजार) झाला होता हे मला ठाऊक नसावं. बरण्यांच्या स्वच्छतेबद्दल मी पुरेसं लिहिलेलं नाही आणि झाडपाल्याने काही बरं होतं याला पुरावा नाही. मग शेवटी सल्ला, की ‘हौशी बायकांनी निदान शास्त्राचं एखादं पान वाचून मग लिहावं.’

मुद्द्याला उत्तर द्या, सुराला नको, असं तुम्ही म्हणाल. पण सूर तुम्ही लावलात. प्रिझर्व्हेटिव्हवर बोलताना ‘बायकांनी’ हा शब्द लागत नाही, आणि ‘खेळ’ तर मुळीच नाही. माझी आई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिच्या नडग्यांची कातडी कागदासारखी झाली होती, चादरीच्या शिवणीनेही ओरखडा उठायचा. त्या पायांना रोज रात्री मी हेच मलम लावत होते. डबीत बुरशी किंवा आणखी काही असण्याची पुसटशी शंका असती, तर मी ते तिच्या अंगाला लागू दिलं असतं का? तेलात पाणी का नको, फूल वाळलं हे कसं ओळखायचं, खवटपणा आधी कुठे कळतो, हे सगळं मी त्या काळात शिकले, आणि पुस्तकं वाचूनच शिकले. तेव्हा एखाद्या पानाची गोष्ट माझ्याशी नको.

आता तुमचं मुख्य वाक्य : ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही म्हणजे जंतू वाढणारच.’ माझा सगळा लेख या वाक्याच्या विरोधात उभा आहे आणि तुम्ही तो वाचलात असं तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटत नाही.

जंतू वाढायला पाणी लागतं. पदार्थात जंतूंच्या उपयोगी पडेल असं किती पाणी मोकळं आहे ते मोजायला ‘वॉटर ॲक्टिव्हिटी’ नावाचं माप आहे. शुद्ध पाण्याचं ते १ धरतात. बहुतेक बॅक्टेरियांना ०.९ च्या वर लागतं, बऱ्याच बुरशींना ०.७-०.८ पुरतं, आणि ०.६ च्या खाली कुठलाच सूक्ष्मजीव वाढत नाही. माझ्या मलमात आहे काय? वाळलेली फुलं मुरवलेलं तेल आणि मधमाश्यांचं मेण. दोन्हींत जंतूंना पुरेल असं पाणी नाही. तुम्ही सुचवलेलं १ टक्का फिनॉक्सिइथॅनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह काम करतं ते पदार्थातल्या पाण्याच्या भागात. जिथे तो भागच नाही तिथे ते घालून नेमकं काय राखायचं, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. क्रीम वेगळं, लोशन वेगळं. मेण आणि तेलात गुलाबपाणी घोटून केलेला लेप दुसऱ्या शतकातल्या गॅलन या वैद्याच्या नावावर सांगितला जातो, कोल्ड क्रीमचा उगम तिथे धरतात. त्यात पाणी आलं, म्हणून तसल्या पदार्थाला प्रिझर्व्हेटिव्ह हवंच. कोरफडीचा ताजा गर मलमात घालू नका असं मी ठळक अक्षरांत लिहिलं ते याच कारणाने.

जंतू वाढत नाहीत म्हणजे ते मरतात, असा दावा मी केलेला नाही. त्यांचे बीजाणू (सुप्तावस्थेतली टिकाऊ रूपं) तेलात पडून राहू शकतात आणि पाण्याची वाट बघतात. म्हणून घरी मलम करणाऱ्याचं खरं काम म्हणजे पाण्याला वाट न देणं, आणि त्या वाटा बारीक असतात. कॅलेंड्युलाच्या पाकळ्या दोन-चार दिवसांत कुरकुरीत होतात आणि माणूस फसतो. ओल असते ती फुलाच्या हिरव्या बुडख्यात. तो बोटांत धरून वाकवायचा. कटकन तुटला तर फूल वाळलं, नुसता लवला तर आणखी वाळवायचं. तरीही खात्री नसेल, तर फुलं काचेच्या बरणीत बंद करून रात्रभर ठेवायची. सकाळी काचेला आतून दव दिसलं तर ती तेलात घालायची नाहीत.

पुढची वाट वाफेची. पाण्याच्या भांड्यावर तेलाचं भांडं ठेवून तेल मंद गरम करतात, तेव्हा वर झाकण ठेवलं की वाफेचे थेंब झाकणाच्या आतून सुटून तेलात पडतात. म्हणून झाकण नको, तोंडाला सुती कापड बांधायचं. गाळून ओतताना भांड्याच्या बुडाला बाहेरून पाणी चिकटलेलं असतं. भांडं तिरपं केलं की ते कडेवरून ओघळून थेट बरणीत जातं, तेव्हा आधी बूड पुसायचं. गाळलेलं तेल रात्रभर तसंच ठेवायचं. तळाशी गढूळ थर बसला तर वरचं तेवढं नितळ तेल घ्यायचं, तळाचं सोडून द्यायचं. फडकं पिळून शेवटचा थेंब काढायचा मोह आवरायचा, कारण उरलीसुरली ओल त्या पिळण्यातच उतरते. आयुर्वेदातल्या तैलपाकात तर तेल पाण्यासकटच उकळतात, आणि पाणी पुरतं गेलं की नाही हे बघायला कल्काची (तेलात घातलेल्या वाटलेल्या औषधीची) वात वळून विस्तवावर धरतात. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. ही काळजी घेणाऱ्या परंपरेतून आलेल्या पदार्थाला तुम्ही खेळ म्हणता, याचं मला वाईट वाटलं.

लसणाचं उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध दिलंत, पण ते माझ्या बाजूचं आहे. १९८५ साली व्हँकूव्हरमध्ये एका रेस्टॉरंटमध्ये जेवलेल्यांना बोट्युलिझम झाला, तो तेलातल्या चिरलेल्या लसणातून. ती बाटली फ्रिजबाहेर राहिलेली होती. लसूण ओला, आम्ल नाही, आणि तेलामुळे हवा तुटलेली, म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या बोट्युलिझमच्या जंतूला हवी ती सगळी परिस्थिती. त्यात दोष ओल्या लसणाचा होता. ताजा पाला तेलात बुडवून महिनाभर उन्हात ठेवा असं जे लिहितात, त्यांना जाऊन हे सांगा. मी तर पहिल्याच परिच्छेदात ताजा पाला नाकारला आहे.

व्हिटॅमिन ई प्रिझर्व्हेटिव्ह नाही, हे बरोबर. पण मी तसं म्हटलं कुठे? माझं वाक्य होतं, ‘व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं.’ खवटपणा जंतूंमुळे येत नाही, तेलातल्या असंपृक्त मेदाम्लांची हवेशी क्रिया होऊन येतो. उजेड, उष्णता आणि तांब्या-लोखंडाचा संपर्क त्याला घाई करतात, म्हणून तांब्याच्या भांड्यात हे तेल करू नये. लिनोलिक आम्ल हे असंच असंपृक्त मेदाम्ल जास्त असलेलं साधं सूर्यफूल तेल लवकर खवट होतं. खोबरेल बरंच टिकतं, कारण त्यातली सुमारे नव्वद टक्के मेदाम्लं संपृक्त, म्हणजे हवेशी सहज क्रिया न करणारी असतात. तिळाच्या तेलाचं रक्षण त्याच्यातलेच सेसमोलसारखे घटक करतात. होहोबाच्या बियांचं तेल तर रासायनिकदृष्ट्या पातळ मेणच, त्यामुळे ते फारच टिकाऊ. ‘वर्षभर’ हा शब्द मी खोबरेलाच्या मलमासाठी वापरला होता आणि तो मागे घेत नाही. डबी उघडल्यावर वास कळला नाही तर मलम मनगटावर चोळून बघावं, उबेने खवट वास आधी वर येतो.

एक गोष्ट तुमची मान्य. ओल्या बोटाने मलम काढू नका ही सूचना लेखाच्या शेवटी होती, ती वर हवी होती. आज ती पहिल्या परिच्छेदात आणली आहे. न्हाणीघरात ओल्या हातांनी वापरायचा स्क्रब असेल, तर तेल-मेणाच्या पदार्थालाही प्रिझर्व्हेटिव्हचा विचार करावा, हेही तिथे जोडलं आहे. तुम्ही एवढंच नीट शब्दांत लिहिलं असतंत, तर मी दोन ओळींत आभार मानून मोकळी झाले असते.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. बरण्या उकळून पूर्ण कोरड्या करायच्या, हे लेखात आहे, पुन्हा वाचा. मलमाने जखम भरते असं मी लिहिलेलं नाही. ‘कोरड्या, न फुटलेल्या त्वचेसाठी’ असं लिहिलं आहे, आणि भाजल्यावर तेलकट काहीही लावू नका हेही. डेझीच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असणाऱ्यांनी कॅलेंड्युला टाळावा, ही ओळसुद्धा त्याच परिच्छेदात आहे.

तेलात पाणी शिरण्याची माझ्याकडून सुटलेली एखादी वाट तुम्हाला माहीत असेल, तर जरूर लिहा. मी ती तुमच्या नावानिशी लेखात घालेन. मात्र ‘हौशी बायका’ असले शब्द असलेली प्रतिक्रिया इथे यापुढे प्रसिद्ध होणार नाही.