बडोद्याच्या शाळांना सिस्टर हवी

गेले काही आठवडे बडोद्याहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर एकच विषय निघतो. एका खासगी शाळेने मुलांच्या प्रगतिपुस्तकात उंची, वजन आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) छापला आणि पुढे ‘जास्त’, ‘कमी’ असे शेरे मारले. पालकांत दोन तट पडले. एक गट म्हणतो, हा रकाना काढून टाका, मुलं एकमेकांना चिडवतात. दुसरा म्हणतो, छापलाच पाहिजे, रोज डब्यात वेफर्स देणाऱ्यांना कळू दे. मध्येच कुणी सुचवलं की त्यापेक्षा शाळेत एक नर्स ठेवा. त्यावर व्यवस्थापनाने फीवाढीचा विषय काढला आणि ती सूचना तिथेच विरली.

मी नर्सिंग बडोद्यात शिकले आणि आता इंग्लंडमध्ये लेस्टरला शाळांची परिचारिका म्हणून काम करते. माझ्या मते या सगळ्या वादात कामाची गोष्ट तीच होती, जी विरली.

भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी पहिल्यांदा झाली ती १९०९ साली, बडोदे शहरात. शालेय आरोग्यसेवेची सुरुवात म्हणून नर्सिंगच्या मुली हे साल परीक्षेसाठी पाठ करतात, मग त्या केरळच्या असोत की पंजाबच्या. बडोद्यातल्या दांडिया बाजार-रावपुऱ्यात वाढलेल्या आपल्या मराठी लोकांना मात्र ते क्वचितच ठाऊक असतं. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. मुलाला शाळेत पाठवा असा कायदा केला, की त्याला फळा दिसतो का, त्याच्या पोटात काही आहे का, हे पाहणंही ओघाने आलंच. इंग्लंडही तेव्हा याच प्रश्नापाशी होतं. शाळेत जेवण देण्याचा कायदा तिथे १९०६ चा, वैद्यकीय तपासणीचा १९०७ चा. म्हणजे आपण जेमतेम दोन वर्षं मागे होतो.

फरक पडला तो पुढे. इंग्लंडमध्ये तपासणीच्या कायद्याआधीच, १८९२ मध्ये, ॲमी ह्यूज ही परिचारिका लंडनच्या ड्रुरी लेनमधल्या एका शाळेत जाऊ लागली होती. तपासणी आली तेव्हा तिच्यामागे जखम धुणारी, मुलाच्या घरी जाऊन आईशी बोलणारी बाई आधीपासून होती. आपल्याकडे डॉक्टर आले, तपासून गेले. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने तर शालेय आरोग्यसेवा देशात जवळपास नाहीच, असं लिहून ठेवलं.

आज ती आहे, हे मला आवर्जून सांगायचं आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं फिरतात. दोन आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचे) डॉक्टर, एक एएनएम म्हणजे साहाय्यक परिचारिका आणि एक फार्मासिस्ट असं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा जातं. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतले विलंब शोधतं. हृदयाला छिद्र असलेली कितीतरी मुलं यातून शस्त्रक्रियेपर्यंत पोचतात. हे काम मोठं आहे. पण पथक परत येतं ते वर्षाने, आणि ते वर्ष मुलाच्या एकट्याच्या वाट्याला येतं.

सहा ते बारा हे वय शांत समजलं जातं. मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, दोन-तीन किलो भरतं. बाळाच्या वाढीसारखं काही डोळ्यांत भरत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण या वयात एका दिवशी घेतलेली उंची फार थोडं सांगते. बुटकं दिसणारं मूल दरवर्षी पाच सेंटिमीटर वाढत असेल तर बहुधा आईवडिलांवर गेलेलं असतं. वर्गात मधोमध उभं राहणारं मूल वर्षभरात चारही वाढलं नाही तर त्याचं थायरॉइड, त्याची आतडी पाहावी लागतात. बुटक्या मुलासाठी घरात धावपळ होते, मधोमधच्या मुलाकडे कुणाचं लक्षही जात नाही. हा फरक दोन नोंदींच्या मधल्या अंतरात असतो, आणि तो वाचायला दोन्ही वेळा तेच मूल पाहिलेलं माणूस हवं. शाळेने प्रगतिपुस्तकात छापला तो एक आकडा. त्यात हे काहीच दिसत नाही, आणि मुलाला नाव ठेवायला मात्र तो पुरतो.

शिवाय शेरा कोणत्या तक्त्यावरून मारला, हेही कुणी विचारलं नाही. आपल्या मुलांच्या शरीरात त्याच वजनाला चरबी जास्त असते. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यांत जादा वजनाची रेषा प्रौढांच्या २३ बीएमआयशी आणि लठ्ठपणाची २७ शी जोडलेली आहे, म्हणजे त्या रेषेवर वाढणारं मूल मोठेपणी त्या आकड्याला पोचेल. मोठ्यांसाठी जगभर चालणारे आकडे २५ आणि ३० आहेत. ते धरले तर ज्या मुलाकडे लक्ष द्यायला हवं तेच ‘ठीक’ म्हणून सुटतं.

वजन तरी दिसतं. न दिसणाऱ्या गोष्टी मला जास्त छळतात. चष्म्याची गरज असलेलं आठ-नऊ वर्षांचं मूल तक्रार करत नाही, कारण सगळ्यांना फळा असाच अंधुक दिसतो असं त्याला वाटतं. बाईंना ते दुर्लक्ष करणारं वाटतं, घरी ते आळशी ठरतं. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. त्या जागचा कुठलाही दात आधी पडलेला नसतो, म्हणून घरचे तिला दुधाची समजतात आणि कीड लागली तरी ‘पडेलच’ म्हणून सोडून देतात. ती पुन्हा येत नाही. मुली शाळेतलं स्वच्छतागृह नको म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. बाटली भरलेलीच घरी येते. पुढे लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, पोटदुखी. दर सोमवारी पोट दुखणाऱ्या मुलाला कधी जंत असतात, कधी वर्गातल्या एखाद्या मुलाची भीती. मला काहीतरी येतं, मी कुणापेक्षा कमी नाही, ही भावना याच वयात रुजते किंवा खचते, असं आम्हाला एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाच्या सिद्धांतात शिकवतात. पोटदुखीमागची भीती ओळखायला त्या मुलाचे मागचे चार सोमवार आठवणारं कुणीतरी लागतं.

आता गोळ्यांचं घ्या. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना आठवड्याला लोह-फॉलिक ॲसिडची गुलाबी गोळी, त्यापुढच्यांना निळी, आणि वर्षातून दोनदा जंतांची. योजना उत्तम आहे. पण एखादीने उपाशीपोटी गोळी घेतली, तिला मळमळलं, की आई पुढच्या आठवड्यात ‘घेऊ नकोस’ म्हणून सांगते. त्या आईशी बोलायचं कुणी? लोहाने काय होतं ते बडोद्यानेच दाखवलेलं आहे. सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेतल्या संशोधकांनी शहरातल्या झोपडपट्टीतल्या १० ते १८ वयाच्या मुलींना तीन महिने रोज लोह-फॉलिकची गोळी दिली. मुलींची भूक वाढली, वजन वाढलं. २००० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. इतकी माहिती हाताशी असलेल्या गावात गोळी पोटापर्यंत पोचत नाही, कारण मधला माणूस नाही.

२०२० पासून प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमण्याची केंद्राची योजना आली. शिक्षकांबद्दल मला आदर आहे. पण ज्यांच्याकडे आधीच वर्ग, निवडणूक, जनगणना, जेवणाचा हिशेब आहे, त्यांच्यावर हेही टाकणं अन्यायाचं आहे. आणि पाळी आलेली मुलगी गणिताच्या सरांना काय सांगणार?

इंग्लंडमध्ये मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक साधा कागद. दमा, टाइप वन मधुमेह, फिट्स किंवा जीवघेणी ॲलर्जी असलेल्या मुलाचा आरोग्य आराखडा. पालक, शाळा आणि परिचारिका तो मिळून करतात. अशा मुलांची सोय करणं शाळांना २०१४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. साखर उतरली तर काय द्यायचं, इन्सुलिन कुठे ठेवलंय, सहलीला सोबत कोण, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्याच वर्षापासून शाळांना दम्याचा जादा इनहेलर स्वतःजवळ ठेवता येतो. आपल्याकडे सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही मुलांना परीक्षेत खाऊ नेण्याची परवानगी दिली. पण परीक्षा वर्षातले थोडे दिवस. उरलेल्या दिवसांत कितीतरी आया दुपारी शाळेच्या फाटकापाशी इन्सुलिन घेऊन उभ्या असतात, नोकरी सोडून.

इथलं सगळं चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. २००९ नंतर इंग्लंडमधल्या शाळा-परिचारिकांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली. एकेकीकडे अनेक शाळा असतात. चार-पाच वर्षांच्या आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांची उंची-वजन इथे सरकार घेतं, पालकांना पत्र जातं. पत्रामागून कुणी बोलायला जाऊ शकलं नाही, तर ते पत्र बडोद्याच्या त्या शेऱ्याइतकंच टोचतं. लेस्टरमधली गुजराती आई ते वाचून रडते किंवा फाडते, मुलाचा आहार बदलत नाही. पाच ते नऊ वयाच्या मुलांना इंग्लंडमध्ये रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं सर्वांत मोठं कारण अजूनही किडलेले दात हेच आहे. पैसा असलेल्या देशाने परिचारिका कमी केल्या की काय होतं, ते मी रोज पाहते.

म्हणून फीचं कारण मला पटत नाही. दरवर्षी शिबिर, फोटो, फलक आणि छापील रिपोर्ट यांवर खर्च होतोच. २०२५ मध्ये सीबीएसईने खाण्यापिण्यातल्या साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले, ते शाळांनी लावले. तीन-चार खासगी शाळांनी मिळून एक परिचारिका ठेवणं परवडू शकतं. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांसाठी जवळजवळच्या चार-पाच शाळांमागे एक, अशी सुरुवात करता येईल. गुजरातमधून दरवर्षी शिकलेल्या नर्सेस परदेशी निघतात. त्यांच्यातल्या सगळ्याच काही हौसेने निघत नाहीत. गावात दिवसपाळीची, मानाची नोकरी मिळाली तर अनेकजणी राहतील.

तिचं काम मी असं धरते. पहिलीत उघडलेली मुलाची वही आठवीपर्यंत तिच्याकडे. दर सहा महिन्यांनी उंची आणि वजन, बंद खोलीत, एकेकाचं, आणि निकाल फक्त पालकांना. पथकाने चष्मा सांगितला तर तो आला का, मूल घालतं का, पुढच्या बाकावर बसलं का, हे पाहणं. सयाजी हॉस्पिटलला पाठवलेलं मूल गेलं नाही, तर आईला फोन करून विचारणं. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, त्या दिवसाची मजुरी बुडते. मग कोणत्या दिवशी गेलं तर लवकर सुटका होईल, ते सांगणं.

पुढच्या पालकसभेत बीएमआयचा रकाना ठेवायचा की काढायचा यावर मत मागतील. माझ्या वहिनीला मी सांगितलंय, मत देण्याआधी एक प्रश्न लेखी द्या: गेल्या वर्षीच्या तपासणीत ज्या मुलांना पुढे दाखवायला सांगितलं होतं, त्यांतली किती मुलं डॉक्टरांकडे पोचली, आणि हे शाळेत कुणाला माहीत आहे?