पाच युरोंची खोट

जुळे सोलापुरातला आमचा फ्लॅट आम्ही दुपारी पाहिला आणि संध्याकाळी विसार देऊन मोकळे झालो. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची की नाही, याचा निकाल तर दवाखान्याच्या जिन्यातच लागला होता. असे आमचे घर पॅरिसमध्ये म्युझियम पास घ्यावा की ठिकठिकाणी सुटी तिकिटे काढावीत, एवढ्याशा प्रश्नावर २०२४ च्या उन्हाळ्यात पुरे एकोणीस दिवस धुमसत राहिले. बाहेर पारा ४२ अंशांच्या वर आणि घरात त्याहून वर, अशी अवस्था होती.

आमचे हे टॉवेलच्या धंद्यात आहेत, हे इथेच सांगितले पाहिजे, कारण पुढची सगळी पीडा त्यातून उद्भवली. या धंद्यात नगाचा भाव वेगळा आणि डझनाचा भाव वेगळा असतो, आणि नगाने घेणारा माणूस अडाणी असतो, ही श्रद्धा यांच्या अंगी यंत्रमागाच्या खडखडाटासह लहानपणापासून मुरलेली आहे. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाचे निमित्त करून आम्ही दोघे आणि अकरावीत जाणारी कन्या असे तिघे २१ मेच्या दुपारपासून २५ मेच्या रात्रीपर्यंत पॅरिसला राहणार होतो. व्हिसा झाला, विमानाची तिकिटे झाली, सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे मुंबईपर्यंतचे आरक्षणसुद्धा झाले, आणि १ मेच्या सकाळी चहा घेता घेता यांच्या दृष्टीस तो पास पडला. एकदा पैसे भरायचे आणि शहरातल्या व आसपासच्या पन्नासहून अधिक संग्रहालयांत आणि स्मारकांत शिरायचे, अशी ती योजना. त्या वर्षी दोन दिवसांचा पास ६२ युरोंना होता, चार दिवसांचा ७७ ला आणि सहा दिवसांचा ९२ ला.

"बघितलंस का? दोन दिवसांचा घेतला तर दिवसाला ३१ पडतात, आणि सहाचा घेतला तर साडेपंधराच्याही आत!" हे म्हणाले.

आपण तिथे जेमतेम चार दिवस आहोत, हे मी लक्षात आणून दिल्यावर त्यांचा चेहरा, बारा डझनांची बोलणी करून शेवटी चार नग मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहताना होतो तसा झाला.

मग टॉवेलच्या खोक्यातला एक पुठ्ठा आणला गेला. त्यावर मधोमध उभी रेघ मारून एकीकडे 'जमा' आणि दुसरीकडे 'नावे' असे लिहिले गेले, आणि तो पुठ्ठा जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा राहिला, तो आम्ही निघेपर्यंत हलला नाही. जमेच्या बाजूला सुट्या तिकिटांचे भाव होते : लूव्र हे संग्रहालय २२, ओर्से हे दुसरे संग्रहालय १६, सँत-शापेल हे जुने चर्च १३, आर्क द त्रिओंफ ही विजयकमान १६ आणि व्हर्सायचा राजवाडा २१. बेरीज ८८. नावे ७७. म्हणजे माणशी ११ युरोंचा नफा आणि तिघांचा मिळून ३३. युरो तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास होता, परंतु हे हिशेबाला शंभर धरतात, कारण त्यामुळे तोंडी गुणाकार सोपा जातो आणि नफाही जरा भरघोस दिसतो.

पहिला खडा दुसऱ्याच दिवशी लागला. या पासात आयफेल टॉवर नाही, हे यांच्या वाचनात आले. "म्हणजे गड्ड्याच्या जत्रेला बोलवायचं आणि नंदीध्वज तेवढे सोडून बाकी सगळं दाखवायचं, असा प्रकार झाला की हा!" असे म्हणून हे बराच वेळ पुठ्ठ्याकडे पाहत बसले. त्या वेळी सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारले, "तो टावर बाहेरून दिसतो का नाही?" तीनशे तीस मीटर उंच आहे म्हटल्यावर न दिसून कसे चालेल, असे मी सांगितले. "मग कळसाचं दर्शन झालं की. पंढरपुरात एकादशीला आत जायला मिळत नाही त्या माणसानं काय करावं म्हणतीस? कळसाला हात जोडतो आणि येतो परत. त्याचं काय पुण्य कमी होतं होय?" वारकऱ्यांच्या या शतकानुशतकांच्या सोयीपुढे फ्रेंच अभियांत्रिकीचा प्रश्न मिटला. पुठ्ठ्यावर आयफेलपुढे 'कळस, फुकट' असे लिहिले गेले.

त्यानंतर वेळापत्रकाचा अध्याय सुरू झाला. लूव्र मंगळवारी बंद असते, ओर्से आणि व्हर्साय सोमवारी बंद असतात. नळाला कोणत्या दिवशी आणि किती वाजता पाणी येणार, यावर सगळे आयुष्य बेतलेल्या सोलापूरकराला हे काही अवघड नाही. खरी गोम पुढेच होती. हा पास दिवसांवर चालत नसून तासांवर चालतो, म्हणजे चार दिवसांचा पास हा प्रत्यक्षात ९६ तासांचा असतो आणि ते तास पहिल्या दारातून आत शिरल्या क्षणी सुरू होतात. हे समजले त्या रात्री हे झोपलेच नाहीत. पहाटे मला हलवून उठवून म्हणाले, "मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास पहिला प्रवेश केला, तर पास शनिवारी दुपारी चारपर्यंत जातो. चाराच्या पैशांत पाच तारखा!" ७ तारखेच्या लोकसभा मतदानाची ड्यूटी मला लागली होती आणि त्यासाठी पहाटेच निघायचे होते. मतदान केंद्रावर दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावली जात असताना माझ्या डोक्यात चार ते चार, चार ते चार, असेच चालले होते.

एक शंका मी वेळोवेळी बोलून दाखवत होते, ती अशी की पास काढला तरी लूव्रला प्रवेशाची वेळ आधी वेगळी नोंदवावीच लागते, आणि सामान तपासणीची रांग पासवाल्यालाही चुकत नाही, तर मग यात सुटसुटीतपणा तो कुठला? त्यावर शेजारच्या काकांची साक्ष काढण्यात आली. काका पर्यटन कंपनीबरोबर बारा दिवसांत आठ देश करून आलेले असून त्यांपैकी पॅरिसमध्ये ते बसमधून उतरले होते की नाही, याबद्दल काका-काकूंत मतभेद आहेत. "घ्या हो बिनधास्त," काका म्हणाले, "परदेशात सुटं काही घेऊ नये."

दहाव्या दिवशी कन्येने, मोबाइलवरची नजर न काढता, जाहीर केले की तिच्यासाठी पास घ्यायचे कारण नाही, कारण पुठ्ठ्यावरच्या पाचही ठिकाणी अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे. घरात शांतता पसरली. पुठ्ठ्यावर २३१ या आकड्याखाली दोनदा रेघ मारलेली होती. "हे तू आत्ता सांगतीस?" "तुम्ही विचारलं कुठं?" एका परीने ७७ युरो वाचल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण यांच्या चेहऱ्यावर तो दिसेना. जे मुळातच फुकट आहे त्यात सूट मिळवता येत नाही, हे त्यांचे दुःख होते.

माझ्या मनात मात्र एव्हाना वेगळीच भीती घर करून बसली होती, आणि तिचे मूळ जानेवारीतल्या हुरडा पार्टीत होते. माणशी ठरावीक पैसे भरायचे आणि शेतात बसून हवा तितका हुरडा खायचा, अशी ती पद्धत सोलापुरात सर्वांना ठाऊक आहे. आगटीभोवती बसून, गरम कणसे तळहातावर चोळून निघालेले ते हिरवे टपोरे दाणे, शेंगाचटणी, गूळ, दही, असा सोहळा असताना आमचे हे सातव्या कणसानंतर खात नव्हते, तर वसूल करत होते. दाणे तोंडात टाकताना त्यांचे ओठ हलत होते ते चावण्यामुळे नव्हे, मोजण्यामुळे. त्या रात्री ओव्याची पूड आणि गरम पाणी घेऊन मी दोन वाजेपर्यंत जागी होते. असा माणूस ९६ तासांचा पास खिशात घालून पन्नासांहून अधिक संग्रहालये असलेल्या शहरात सुटला, तर त्याचे आणि त्याच्या मागे फिरणाऱ्या बायकोचे काय होईल, हे मला लख्ख दिसत होते.

म्हणून अठराव्या दिवशी मी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला माझी स्वतंत्र यादी लिहिली. मला ओर्से पाहायचे होते, सँत-शापेलच्या रंगीत काचा पाहायच्या होत्या आणि व्हर्साय पाहायचे होते. सोळा, तेरा आणि एकवीस, मिळून ५०. लूव्र मी बाहेरून पाहणार होते आणि आर्कवर चढण्याची मला हौस नव्हती. तीनच टॉवेल लागत असताना अर्धा डझन घ्यायचे तर ते स्वस्त पडले असे कसे म्हणता येईल, असे मी त्यांच्याच भाषेत विचारले. "एका घरात दोन पद्धती कशा चालतील?" एवढेच ते म्हणाले, आणि आवाज असा होता की जणू मी चूल वेगळी मांडायला निघाले आहे. अखेर एकोणिसाव्या दिवशी त्यांच्यासाठी पास, माझ्यासाठी सुटी तिकिटे आणि कन्या फुकट, असा तोडगा निघाला.

पॅरिसचे वर्णन करणे हा या लेखाचा विषय नव्हे, तेव्हा हिशेबापुरतेच सांगते. ओर्सेच्या दारात मंगळवारी दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटांनी यांचा पास यंत्राखाली गेला. ओर्से हे मुळात १९०० साली बांधलेले रेल्वे स्टेशन आहे हे कळल्यावर, सासरे रेल्वेत असल्यामुळे, यांना आधी अभिमान वाटला आणि मागाहून संताप आला, कारण सोलापूरला फलाटाचे तिकीट १० रुपयांना मिळते. संग्रहालय सहाला बंद होत असल्यामुळे मला जेमतेम दोन तास मिळाले, आणि हेच गुरुवारी आलो असतो तर रात्री पावणेदहापर्यंत उघडे होते, ही गोष्ट मी आजही विसरलेली नाही. बुधवारी लूव्रमध्ये गर्दीवर टाचा उंचावून यांनी मोनालिसा पाहिली आणि बाहेर आल्यावर गंभीरपणे सांगितले, "माप सत्त्याहत्तर बाय त्रेपन्न. आपला हँड टॉवेल याच्याहून थोडा लहान असतो." तेवढ्या वेळात मी आणि कन्या कार्नाव्हाले नावाच्या, पॅरिस शहराच्या इतिहासाच्या संग्रहालयात हिंडून आलो होतो. तिथला कायमचा संग्रह सर्वांनाच विनामूल्य असतो, आणि हे यांना सांगायचे नाही असे आमचे मायलेकींचे ठरले होते. गुरुवारी व्हर्साय झाले. शुक्रवारी सँत-शापेलमध्ये पंधरा उंचच उंच खिडक्यांतून निळा-लाल उजेड फरशीवर सांडला होता आणि पूर्ण दहा मिनिटे हे काहीही मोजत नव्हते.

शनिवार उजाडला. पुठ्ठा सोलापुरात असला तरी त्यावरचे आकडे यांना तोंडपाठ होते. चार ठिकाणांची बेरीज ७२, पास ७७ चा, म्हणजे धंद्यात पाच युरोंची खोट. आर्क चढला तर ८८, म्हणजे अकरा नफा. तोटा आणि नफा यांच्यामध्ये आता फक्त २८४ पायऱ्या उभ्या होत्या, आणि आदल्या दिवशीच्या चालण्याने यांचा डावा गुडघा सुजला होता.

आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. कन्येने वर यायला साफ नकार दिला. "मला फुकट आहे, बाबा. मला काय वसूल करायचंय?" तिच्या या वाक्यावर यांच्याकडे उत्तर नव्हते. रस्त्याखालच्या भुयारात हे लंगडत दिसेनासे झाले आणि आम्ही दोघी शाँझेलिझे या समोरच्या रस्त्यावरच्या बाकावर बसून सोलापुराहून नेलेली कडक भाकरी मोडून शेंगाचटणीला लावून खात राहिलो. वारा असा होता की चटणीचा डबा हाताने झाकून धरावा लागत होता. तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी कन्येच्या मोबाइलवर एक छायाचित्र आले. त्यात घामाने निथळलेले, लालबुंद झालेले आणि तरीही तृप्त असे हे उभे होते आणि त्यांच्या खांद्यामागे दूरवर आयफेल टॉवर दिसत होता. खाली संदेशात एकच आकडा होता : ८८.

सोलापूरला परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी विचारले, "मग वाचले का पैसे?"

"अकरा युरो, आई. धर अकराशे रुपये."

"दाखव."

"तसे दाखवता येत नाहीत ते."

तेवढ्यात कन्येने पिशवीतून एक पावती काढून टेबलावर ठेवली. आर्कवरून उतरल्यावर जवळच्या औषधाच्या दुकानातून गुडघ्याला चोळायचे मलम घ्यावे लागले होते, त्याची ती पावती होती : बारा युरो चाळीस सेंट. यांनी ती वाचली, लोणच्याच्या बरणीला टेकलेला पुठ्ठा ओढून घेतला आणि 'नावे' खाली तो आकडा मुकाट्याने लिहिला. एक युरो चाळीस सेंटची खोट निघाली.

"मलम संपलं का?" सासूबाईंनी विचारले.

"अर्धं आहे."

"आण मग इकडं." त्यांनी लुगडे किंचित वर घेऊन शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर बोटभर मलम चोळले, डोळे मिटून थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "लागू पडतंय की बाई."

यांनी पेनाचे टोपण पुन्हा काढले आणि 'जमा' खाली लिहिले : मलम, अर्धी ट्यूब, सहा युरो वीस सेंट.