यक्षाच्या हातातलं चाक

दिल्लीला कामाला गेलो की पटेल चौकला मेट्रोतून उतरायचं आणि संसद मार्गावर रिझर्व्ह बँकेसमोर पाच मिनिटं थांबायचं, हे माझं ठरलेलं. दाराच्या दोन बाजूंना दोन अवाढव्य दगडी मूर्ती आहेत. गेल्या खेपेला चणेवाल्याला विचारलं, हे कोण? म्हणाला, "बँक के चौकीदार."

चुकला नाही गडी! मूर्ती आहेत यक्ष आणि यक्षिणीच्या, आणि कुबेराच्या खजिन्याची राखण यक्षच करतात.

इमारतीबद्दल फार बोलण्यासारखं नाही, त्या काळातली सरकारी कचेरी असते तशीच. पण सार्वजनिक इमारतींवर कलावंतांना काम मिळावं असा नेहरूंचा आग्रह होता. बँकेने मुंबईचे वकील आणि कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांचा सल्ला घेतला. मथुरेच्या संग्रहालयातला परखमचा यक्ष आणि कलकत्त्याच्या संग्रहालयातली बेसनगरची यक्षिणी, हे नमुने ठरले. काम गेलं शांतिनिकेतनचे शिल्पकार रामकिंकर बैज यांच्याकडे.

रामकिंकर म्हणजे सिमेंट आणि खडी थापून 'संथाळ कुटुंब' हे शिल्प उभं करणारा माणूस. इथे मात्र त्यांना दगड हवा होता, तोही कांगडा खोऱ्यातला. एवढाले धोंडे फोडायचे, तिथल्या अरुंद रुळांच्या गाडीवर चढवायचे, पुढे दिल्लीपर्यंत आणायचे. पन्नासच्या दशकात हाती घेतलेलं काम पुरं व्हायला 1967 उजाडलं. मधल्या काळात खर्च वाढला. यक्षिणीच्या अंगावर वस्त्र नाही म्हणून राज्यसभेत प्रश्नसुद्धा आला.

मला सगळ्यात आवडतो तो यक्षाचा हात. एका हातात पैशांची थैली, हे अपेक्षितच. दुसऱ्या हातात यंत्राचं दातेरी चाक! दोन हजार वर्षांपूर्वीच्या देवाला कारखान्यात कामाला लावलंय. ढेरी मात्र जुनीच.

आज हेच काम निघालं असतं तर? सहा महिन्यांची मुदत, सगळ्यात कमी दराची निविदा, आणि दारात फायबरचे दोन हत्ती. आपल्याकडच्या चौकांचं सुशोभीकरण बघा, वेगळं काय चाललंय? उशीर झाला म्हणून बँकेने तेव्हा काम काढून घेतलं असतं, तर कुणी तिला दोषही दिला नसता.

जाता जाता एक. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आपले चिंतामणराव देशमुख. त्यांनी मेघदूत मराठीत आणलं होतं. त्यातला यक्षही कुबेराचा नोकरच, कामात कुचराई केली म्हणून वर्षभर हद्दपार झालेला.