‘पिवळं दिसलं की युरिया फेका’: या सल्ल्यात कुठे काय चुकतं

दर हंगामात हा मजकूर मोबाइलवर फिरतो: ‘पीक पिवळं पडलं म्हणजे नत्र कमी. एकरी २५ किलो युरिया फेकून द्या, आठ दिवसांत शेत काळंभोर. पाणी साचून पिवळं पडलं तरी हाच उपाय. कडधान्यांनाही चालतो. खत टाकणं जमत नसेल तर दोन टक्क्यांची फवारणी घ्या, मग जमिनीतून द्यायची गरज नाही. पान जितकं गर्द तितकं उत्पादन जास्त.’ यातलं काही कधीकधी लागू पडतं, म्हणून तो मजकूर टिकून आहे. पण मुद्दे एकेक करून पाहू.

‘पिवळं म्हणजे नत्र कमी.’ आधी कोणतं पान पिवळं आहे ते बघा. नत्राचा तुटवडा आला की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या फुटीला पुरवतं, त्यामुळे पिवळेपणा खालून सुरू होतो. मक्याच्या खालच्या पानावर तो टोकापासून मधल्या शिरेच्या कडेने देठाकडे सरकतो, कडा त्या मानाने हिरव्या राहतात. उलट कडाच करपल्या असतील तर संशय पालाशवर (पोटॅशियमवर) घ्या. खालचीच पानं, पण शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, तर मॅग्नेशियम. आणि शेंडा पिवळा, खालची पानं ठणठणीत हिरवी असं चित्र असेल तर नत्राचं नाव सोडा. लोह आणि गंधक झाडात सहज हलत नाहीत, त्यांची उणीव कोवळ्या पानांवर उमटते. गंधक कमी पडलं तर सगळं पान सारखंच फिकट होतं. लोह कमी पडलं तर शिरांची हिरवी जाळी उठून दिसते आणि दुखणं वाढलं की पान जवळजवळ पांढरं पडतं.

चुनखडीच्या, सामू (आम्ल-अल्कतेचं माप, पीएच) ८ च्या आसपास असलेल्या जमिनीत लोह भरपूर असूनही मुळांना मिळत नाही. युरिया टाकल्याने ते सुटं होणार नाही. खात्री करून घ्यायची सोपी रीत आहे. एक लिटर पाण्यात १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवा आणि कापसाच्या बोळ्याने शेंड्याच्या पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागाला पुसा. काही दिवसांत पुसलेला भाग हिरवा झाला आणि बाकीचा तसाच राहिला तर लोहाचीच उणीव आहे. मग याच प्रमाणात फवारणी घ्या, पण द्रावण त्याच दिवशी संपवा. तांबूस झालेलं द्रावण ओतून द्या, त्यातलं लोह पिकाच्या कामाचं राहिलेलं नसतं. फवारणीनंतर आलेल्या पानांना त्यातलं काही मिळत नाही, म्हणून ती पुन्हा घ्यावी लागते. जमिनीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेट (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग) घ्या. ईडीटीए प्रकारचं चिलेट अशा जमिनीत लोह धरून ठेवू शकत नाही.

विषाणूचा मोझॅक, मुळांवरच्या सूत्रकृमींच्या गाठी, तणनाशकाचा फटका, यांनीही पान पिवळं होतं. पीक पक्वतेला आलं की खालची पानं पिवळी पडणारच, तो रोग नव्हे.

सल्ला नेमका बसतो अशीही एक जागा आहे. काड किंवा भुसा ताजाच मातीत गाडून लगेच पेरणी केली, तर तो कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढतात आणि रोपं उपाशी राहतात. तिथे थोडा युरिया दिल्याने खरंच फरक पडतो.

‘फेकून द्या.’ युरियात ४६ टक्के नत्र असतं. मातीतल्या युरिएज विकराने (एन्झाइमने) त्याचं अमोनियम कार्बोनेट होतं, दाण्याभोवतीचा सामू चढतो आणि खत वरच पडलेलं असेल तर अमोनिया हवेत निघून जातो. ओलसर पृष्ठभाग, ऊन आणि वारा एकत्र आले की सर्वांत जास्त नुकसान. म्हणून ओळीच्या बाजूला ४–५ सेंमी खोल पेरून माती ओढा, नाहीतर टाकल्यावर लगेच पाणी द्या. हे पाणी दाणा मातीत मुरण्यापुरतंच द्यायचं, भरमसाट दिलं तर तो मुळांच्याही खाली जातो. दंवाने ओल्या पिकावर फेकलात तर दाणे मक्याच्या पोंग्यात अडकून पान भाजतं. आणि बियाण्याला लागून टाकलात तर उगवणच मार खाते.

‘पाणी साचलं तरी हाच उपाय.’ इथे सल्ला पूर्ण उलटा आहे. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, त्यामुळे समोर असलेलं अन्नही त्यांना उचलता येत नाही. वरून जिवाणू नायट्रेटचं वायूत रूपांतर करून ते उडवून लावतात. आधी चर काढून पाणी बाहेर काढा आणि वाफसा (माती ओलसर पण हवेशीर होणं) येऊ द्या. मग एक रोप उपटून मुळी चिमटीत धरा. पांढरी, टणक असेल तर झाड सावरेल. तपकिरी असून साल हातात निघून आली तर ती कुजली आहे. वाफशावर कोळपणी करून माती मोकळी करा, नवी पांढरी मुळी दिसल्यावर नत्राचा हप्ता द्या.

‘कडधान्यांनाही चालतो.’ मुळांवर गाठी बसायला उगवणीनंतर दोन-तीन आठवडे लागतात, तोवर थोडं फिकेपण असतंच. रोप उपटू नका, गाठी मातीत तुटून राहतात. मातीसकट खणून काढा, पाण्यात धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर ती नत्र तयार करते आहे. पांढरी असेल तर अजून कोवळी, हिरवट-तपकिरी असेल तर संपलेली. गुलाबी गाठी भरपूर असताना युरिया देणं म्हणजे त्यांचं काम बंद पाडणं.

‘फवारणी केली की जमिनीतून नको.’ हिशेब करून बघा. एकरी २०० लिटर पाण्यात दोन टक्के म्हणजे ४ किलो युरिया, त्यातलं नत्र जेमतेम १.८ किलो. पिकाला एकरी २५ किलो नत्र द्यायचं असेल तर युरिया लागतो सुमारे ५४ किलो. मुळं थकलेली असताना फवारणीचा टेकू बरा, पण ती जमिनीतल्या खताची जागा घेत नाही.

‘पान जितकं गर्द…’ गरजेपेक्षा जास्त नत्राने पेशी मऊ होतात, मावा वाढतो, भातावर करपा येतो, उंच वाढलेलं पीक वाऱ्यात लोळतं आणि फुलोरा लांबतो. भातात नत्र कधी द्यायचं हे ठरवायला पानाच्या रंगाचा तक्ता, म्हणजे हिरव्या छटांची पट्टी, वापरतात. दहा रोपांचं सर्वांत वरचं पूर्ण उघडलेलं पान स्वतःच्या सावलीत धरून तक्त्याशी ताडायचं, उन्हात रंग फसवतो. निम्म्याहून जास्त पानं जातीनुसार ठरलेल्या खुणेपेक्षा फिकी निघाली तरच हप्ता द्यायचा. तेवढी फिकी नसतील तर युरिया पोत्यातच राहू द्या.