प्रश्नांचे आकडे सांगता, मग मतांचे काय?

आज सकाळी आमच्या मतदारसंघातल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर एकच रंगीत पत्रक येऊन पडले. खासदारांचे हसरे छायाचित्र, त्याखाली लोकसभेतील उपस्थितीची टक्केवारी, विचारलेल्या प्रश्नांची संख्या आणि राज्यात त्यांचा कितवा क्रमांक लागतो याची ठळक अक्षरांतली घोषणा. खाली अभिनंदनाचा पाऊस पडत होता. मला मात्र ते पत्रक पाहून संताप आला, कारण त्या आकड्यांत मोजलेले काही प्रश्न मी शब्दन् शब्द वाचलेले आहेत. माझ्या मामांसाठी वाचलेले आहेत.

मामा सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. गळीत हंगामात तिन्ही पाळ्यांत काम करून त्यांनी उमेदीची वर्षे घालवली आणि आता त्यांना ईपीएस-९५ या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे निवृत्तिवेतन मिळते, महिन्याला बाराशेच्या आसपास. ही योजना नोव्हेंबर १९९५ मध्ये सुरू झाली. किमान निवृत्तिवेतन हजार रुपये करण्याचा निर्णय सप्टेंबर २०१४ पासून लागू झाला आणि त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ तो आकडा जागचा हलला नाही. त्याला महागाई भत्ताही जोडलेला नाही. संसदेचे अधिवेशन सुरू झाले की मामा मला फोन करून विचारतात, ‘आपल्या पेन्शनचं काही आलं का गं?’ मग मी लोकसभेच्या संकेतस्थळावरून त्या विषयावरचे प्रश्न आणि उत्तरे शोधून, छापून त्यांना नेऊन देते. ते कागद त्यांनी एका फायलीत क्रमाने लावून ठेवले आहेत.

ती फाईल कोणीही चाळून पाहावी. प्रश्न तोच असतो: किमान निवृत्तिवेतन वाढवण्याचा सरकारचा विचार आहे काय, असल्यास तपशील द्यावा, नसल्यास कारणे द्यावीत. उत्तरही तेच असते: मालकाचा वाटा ८.३३ टक्के, पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेपर्यंत केंद्राचा वाटा १.१६ टक्के, निधीचे दरवर्षी मूल्यांकन होते, ३१ मार्च २०१९ च्या मूल्यांकनानुसार निधीत तूट आहे, आणि तरीही सरकार हजार रुपयांच्या किमान रकमेसाठी अर्थसंकल्पातून साहाय्य देत आहे. शब्दांची थोडी उलटापालट होते, एवढेच. सारख्या विषयाचे प्रश्न एकत्र केले जातात, त्यामुळे एकाच प्रश्नावर अनेक खासदारांची नावे असतात, आणि पुढे तो प्रश्न त्या प्रत्येकाच्या प्रगतिपुस्तकात स्वतंत्रपणे मोजला जातो. मामांनी एकदा फाईल मिटून मला म्हटले होते, ‘हे नुसतं गाळप सांगतात गं, उतारा कुणी सांगत नाही.’ गाळप म्हणजे किती ऊस गाळला आणि उतारा म्हणजे त्यातून किती साखर निघाली; ज्यांच्या गावात कारखाना आहे त्यांना याहून वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रश्न विचारणे निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. लोकसभेत दररोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्नांची यादी लागते आणि त्यांपैकी फक्त तारांकित प्रश्नांवर मंत्र्यांना सभागृहात पुरवणी प्रश्न विचारता येतात. बाकीच्यांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात. त्या उत्तरांमधून पुष्कळ माहिती बाहेर येते, हे मला मान्य करावे लागेल. पण माहिती मिळाल्यानंतर प्रश्नकर्त्याने काय केले, हे कोणी विचारायचे? १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे समभाग घेतल्याचा विषय सभागृहात प्रश्नाच्या रूपानेच आला. खासदार फिरोज गांधी सत्ताधारी काँग्रेस पक्षाचे होते, तरी त्यांनी तो धरून ठेवला आणि स्वतःच्याच सरकारला जाब विचारला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांच्याकडे चौकशी गेली, ती लोकांसमोर उघडपणे झाली, आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. त्या वेळी फिरोज गांधींनी एकूण किती प्रश्न विचारले होते, हे आज कोणाला ठाऊक असण्याचे कारणही नाही.

मामांचा मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न वेगळाच होता. एका अधिवेशनानंतर त्यांनी विचारले, ‘इतकी नावं आहेत, तर यावर मतदान कधी झालं? आपल्या माणसानं कुणीकडं मत दिलं?’ मला उत्तर देता आले नाही, कारण असे मतदान झालेलेच नाही. निवृत्तिवेतनासाठी सरकार जो पैसा देते तो श्रम मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागणीतून, म्हणजे त्याच्या खर्चाला लोकसभेची मंजुरी मागणाऱ्या प्रस्तावातून येतो. दरवर्षी मोजक्या मंत्रालयांच्या मागण्यांवर लोकसभेत चर्चा होते आणि उरलेल्या सगळ्या मागण्या गिलोटिन लावून, म्हणजे चर्चेविनाच, एकदम मंजूर केल्या जातात. २३ मार्च २०२३ रोजी तर गदारोळात एकाही मंत्रालयावर चर्चा न होता सुमारे ४५ लाख कोटींच्या मागण्या संमत झाल्या आणि मागणीची रक्कम कमी करण्याच्या विरोधकांच्या कपात सूचना आवाजी मतदानाने फेटाळल्या गेल्या. आवाजी मतदानात कोणत्याही सदस्याचे नाव नोंदले जात नाही. म्हणजे माझ्या मामांच्या हजार-बाराशे रुपयांशी थेट संबंध असलेल्या त्या दिवशी आमचे खासदार कोणत्या बाजूला होते, याची कागदोपत्री खूण नाही, आणि पत्रकावर मात्र त्यांच्या प्रश्नांची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली आहे!

घटनादुरुस्तीसाठी विशेष बहुमत लागते, म्हणून तेथे मतविभागणी होते, म्हणजे प्रत्येक सदस्याचे मत मोजून नोंदले जाते. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाच्या विधेयकाच्या बाजूने ४५४ आणि विरोधात २ मते पडली, हे म्हणूनच आपल्याला ठाऊक आहे. एरवी बहुतेक कायदे ‘हो’ आणि ‘नाही’च्या आवाजावर मंजूर होतात. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयकांवर विरोधकांनी मतविभागणी मागितली होती, तरीही ती आवाजी मतदानाने संमत झाली. मागणी करणारे सदस्य आपापल्या जागेवर नव्हते, असे कारण देण्यात आले. नियमाच्या दृष्टीने ते कारण असेलही. पण ज्या कायद्यांविरुद्ध पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले, त्यांवर कोणी कसे मत दिले याची नोंदच असू नये, हे मला सहन होत नाही.

व्हिपचे, म्हणजे पक्षादेशाचे काय, असे कोणीतरी विचारेलच. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर खासदारकी जाऊ शकते, हे खरे आहे, आणि त्यामुळे एकट्या खासदाराचे हात बांधलेले असतात, हेही खरे. पण आपल्या पक्षाच्या बैठकीत आवाज उठवायला कोणता व्हिप आडवा येतो? मतविभागणीची मागणी करायला कोणता कायदा रोखतो? राज्यसभेच्या याचिका समितीने, भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असताना, २०१३ मध्येच किमान तीन हजार रुपयांची शिफारस केली होती. हे तेच कोश्यारी, जे पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. संसदेच्याच समितीचा हा अहवाल हातात धरून त्यावर सभागृहाचे मत घ्या असा आग्रह धरणारा खासदार मला हवा आहे. त्याचे प्रश्न संख्येने निम्मे असले तरी चालतील.

हे लिहिताना सकाळचा राग थोडा निवळला आहे. आमचे खासदार वाईट नाहीत, फोन उचलतात, लग्नाकार्याला येतात, आणि पेन्शनचा प्रश्न त्यांनी निदान विचारला तरी. अनेकांनी तोही विचारलेला नाही. मामांना त्यांच्याविषयी आदर आहे. म्हणूनच मी आज त्यांना पत्र लिहिले. मिळालेल्या उत्तरावर आपण मंत्र्यांकडे पुढे काय पाठपुरावा केला, श्रम मंत्रालयाच्या मागणीच्या वेळी आपली भूमिका काय होती आणि येत्या अधिवेशनात मतविभागणी मागाल काय, एवढेच त्यात विचारले आहे. मामांनीही खाली सही केली आहे. ज्यांच्या घरी ईपीएस-९५ चे निवृत्त कामगार आहेत, त्यांनी आपापल्या खासदारांना हेच विचारावे. पत्राचा मजकूर हवा असेल तर खाली सांगा, मी पाठवते.