एफ-१२ दाबलं की टर्मिनल आलंच पाहिजे

मला एक बटण हवं आहे. एकच. एफ-१२ दाबलं की पडद्याच्या वरच्या कडेतून टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, खाली उतरलं पाहिजे आणि पुन्हा दाबलं की निघून गेलं पाहिजे. मी ब्राउझरमध्ये असो, मेल लिहीत असो की पीडीएफ वाचत असो. नऊ वर्षं माझ्या लिनक्सवर हे बिनतक्रार चालत होतं. डेस्कटॉपची, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची, नवी आवृत्ती घेतली आणि घात झाला. पार बंद पडलं असतं तर एक वेळ चाललं असतं, दुसरं काहीतरी शोधलं असतं. तसंही नाही! काही खिडक्यांमधून चालतं, काहींमधून नाही. ज्याचा भरवसा नाही ते बटण काय कामाचं?

ही माझी चैन नाही. माझं काम सर्व्हर सांभाळण्याचं. दिवसातून शंभर वेळा टर्मिनल लागतं, तेही दहा-वीस सेकंदांपुरतं. लॉगच्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या, चार ओळी बघायच्या, एखादी सर्व्हिस पुन्हा चालू करायची आणि परत हातातल्या कामाकडे वळायचं. तेवढ्यासाठी दर वेळी ऑल्ट-टॅब मारत सतरा खिडक्यांमधून टर्मिनल हुडकत बसलं, तर काय करायला निघालो होतो तेच डोक्यातून जातं. म्हणून तर ही वरून उतरणारी टर्मिनलं निघाली. १९९६ च्या क्वेक या खेळात टिल्डचं (~) बटण दाबलं की कन्सोल असा वरून खाली यायचा. मी वापरतो त्या टर्मिनलचं ग्वेक हे नाव त्यावरूनच पडलं. वर्षानुवर्षं वापरलं की डोळ्यांची गरज उरत नाही, बोटं आपोआप जातात: एफ-१२, कमांड, एंटर.

आणि नेमकं तिथेच मी तोंडघशी पडलो. मागच्या महिन्यात रात्री अडीचला फोन आला, एका क्लायंटच्या सर्व्हरची डिस्क भरली होती. झोपेतून उठून लॅपटॉप उघडला. समोर चॅटची खिडकी होती, त्याच क्लायंटचा ग्रुप. एफ-१२ दाबलं, डिस्क बघायची कमांड टाइप केली, एंटर. टर्मिनल आलंच नव्हतं. कमांड थेट ग्रुपवर गेली. ती निरुपद्रवी होती म्हणून निभावलं. पण त्यानंतरची माझी ओळ बहुतेक वेळा सुडोची, म्हणजे सर्वाधिकार मागणारी, असते आणि तिच्यामागून पासवर्ड येतो. तो गेला असता तर?

आता मला सांगतात की हा बदल सुरक्षेसाठी आहे. तळपायाची आग मस्तकात जाते ती इथे. कारण खोटं नाही, तेही सांगतो. एक्स११ या लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेत कुठलाही प्रोग्रॅम म्हणू शकायचा की हे बटण कुठेही दाबलं तरी मला कळव. त्याच मोकळेपणामुळे एखादा लबाड प्रोग्रॅम तुम्ही दाबलेलं प्रत्येक अक्षर चोरून वाचू शकायचा. तिच्या जागी आलेल्या वेलँडने ते दार लावलं. ज्या खिडकीवर फोकस असेल तिलाच बटणं कळतात, बाकीच्यांना नाही. लावायलाच हवं होतं. पण दार लावताना घरच्या माणसाला किल्ली द्यायची की नाही? ग्वेक अजून जुन्याच पद्धतीने बटण मागतो. त्यामुळे एक्सवेलँडवर, म्हणजे वेलँडमध्ये जुने प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीवर, चालणाऱ्या जुन्या खिडकीत मी असलो तर एफ-१२ लागू पडतं, नव्या खिडकीत असलो तर ती खिडकीच ते गिळून टाकते. ब्राउझरमध्ये दाबलं की डेव्हलपर टूल्स उघडतात, ते यामुळे. वापरणाऱ्याला हे कळणार कसं? कुठली खिडकी जुनी नि कुठली नवी, हे काही तिच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

वेलँडचं काम सुरू झालं २००८ मध्ये. प्रोग्रॅमने बटण मागावं, डेस्कटॉपने माणसाला एकदा विचारावं, त्याने हो म्हटलं की देऊन टाकावं, एवढीच सोय हवी होती. मी वापरतो त्या डेस्कटॉपवर ती यायला २०२५ उजाडलं. सतरा वर्षं! आणि सोय आली म्हणजे काम झालं असंही नाही, प्रत्येक प्रोग्रॅमने ती आपापल्या कोडमध्ये आणायला हवी. ग्वेक लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही, ती माणसं स्वतःचा वेळ घालून हे करतात. राग आहे तो चालतं घर आधी पाडून नंतर विटा शोधायला निघण्याच्या सवयीवर.

उपाय आहे. तो सापडेपर्यंत माझा अख्खा रविवार गेला, म्हणून इथे लिहून ठेवतो. ग्वेकच्या प्रेफरन्सेसमधून एफ-१२ काढून टाका. मग डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या पानावर जाऊन स्वतःचा नवा शॉर्टकट बनवा आणि एफ-१२ तिथे द्या. कमांड म्हणून 'ग्वेक-टॉगल' टाका, मधे साधी आडवी रेघ. बरेच जण 'ग्वेक'पुढे 'वजा टी' लिहायला सांगतात. त्याने दर वेळी पायथॉनचा नवा प्रोग्रॅम उठतो आणि टर्मिनल यायला क्षणभर उशीर होतो. माझा जीव त्या क्षणातच अडकलेला आहे! बोटं थांबत नाहीत, पहिली दोन अक्षरं मागच्याच खिडकीत पडतात.

त्यात मराठीत लिहिणाऱ्यांच्या नशिबी आणखी एक. मी इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर मराठी टाइप करतो. मराठी चालू असताना टर्मिनल उतरवलं आणि फायलींची यादी मागायला एल-एस ही दोन बटणं दाबली की उमटतं 'ते'. आणि टर्मिनल म्हणतं, 'ते' नावाची कमांड नाही. गिट या कमांडची तीन बटणं दाबली तर 'ुगू'. प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी ठेवायची सोय सेटिंग्जमध्ये आहे, पण माझ्याकडे ती मुळात बंद होती आणि ती आहे हे मला कित्येक महिने ठाऊक नव्हतं. मराठी आणि कमांड एकाच दिवसात टाइप करणारी माणसं असतात, हे कुणाच्या लक्षातच येत नाही का?

सध्या बटण चालतंय. तरी एफ-१२ दाबल्यावर मी आता मान वर करून टर्मिनल खरंच उतरलं का ते बघतो आणि मगच पहिलं अक्षर दाबतो. दिवसातून शंभर वेळा. नऊ वर्षांत एकदाही बघावं लागलं नव्हतं.